मीठ की सोमल

अप्पांना पहिली थंडी वाजली तेव्हा ओसरीवर रोगी बसलेले होते. आश्विनातली दुपार होती आणि बाहेर अनवाणी पाय टेकवत नव्हता. अप्पा एका विणकर बाईला तिच्या डोकेदुखीबद्दल विचारत होते, मी शेजारी बसून लिहीत होतो. बोलता बोलता त्यांनी उपरणे अंगाभोवती गुंडाळून घेतले. थोड्या वेळाने त्यांचे दात वाजू लागले. बाईने त्यांच्याकडे नीट पाहिले आणि आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाली, "अप्पा, मी उद्या येते. आज तुमीच औषध घ्या."

ओसरीवरचे लोक हसले. अप्पाही हसले आणि आत जाऊन घोंगडीखाली निजले.

हे घर सोलापुरात शुक्रवार पेठेत होते. काळ एकोणीसशे तिसानंतरच्या पहिल्या काही वर्षांचा. अप्पा तार ऑफिसातून निवृत्त झालेले लिंगायत गृहस्थ. घरात कानडी, दारात मराठी आणि ग्रंथांपुरते इंग्रजी, अशा तीन भाषांत त्यांचा दिवस जाई. नोकरीत असतानाच त्यांनी कलकत्त्याहून पुस्तके मागवून होमिओपॅथीचा अभ्यास केला होता. त्यांच्या पत्नीला सगळी पेठ अव्वा म्हणे. त्यांना मूलबाळ नव्हते. मी माढ्याकडचा. मॅट्रिकला दोनदा नापास झालो होतो, मिलमधल्या वजनकाट्यावरची नोकरी कपातीत गेली होती आणि डॉक्टरीच्या कॉलेजाचे दार माझ्यासारख्याला उघडणारे नव्हते. अप्पांकडे शिकायला यायला परीक्षा नव्हती. बसण्याची तयारी लागे, एवढेच.

वडील एकदा बाजाराला आले असताना ओसरीपर्यंत आले होते. मी बाटल्या पुसत होतो. ते म्हणाले, "साखरंच्या गोळ्या वाटून कुणी डाक्टर हुतंय व्हय? गावात तोंड दावायला जरा जागा ठिव की." त्यानंतर मी गावी जाणे टाळले. ही ओसरी सुटली असती तर पुढे जायला जागा नव्हती.

पहिले काही महिने बाटल्या धुण्यातच गेले. बाटल्या उकळायच्या, उन्हात पालथ्या घालायच्या. एका औषधाला लागलेले बूच दुसऱ्या औषधाला लावायचे नाही, ते फेकायचे. गोळ्यांना बोट लावायचे नाही, कागदाच्या घडीवरून रोग्याच्या जिभेवर सोडायच्या. औषधाच्या कपाटाजवळ कांदा, लसूण, हिंग, कॉफी आणि कापूर येऊ द्यायचा नाही, कारण त्यांच्या वासाने औषधाचा गुण जातो. अव्वांनी पूजेचा कापूर मागल्या खोलीत नेऊन ठेवला होता. औषध चालू असताना रोग्यांनीही हे काही खायचे नाही, पण त्यांना हे पथ्य सांगणे कठीण होते. शेंगाचटणीतला लसूण बंद, असे ऐकल्यावर एक हमाल उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मग रोगच बरा की, अप्पा. त्याच्यासंगं भाकरी तरी ग्वाड लागती."

बाटल्यांनंतर ऐकणे आले. अप्पांचे नियम थोडे होते आणि त्यांत सवलत नव्हती. ज्याचे उत्तर हो किंवा नाही असे येईल, तो प्रश्न विचारायचा नाही. रोग्याच्या तोंडात आपला शब्द घालायचा नाही. प्रत्येक लक्षण नव्या ओळीवर आणि त्याच्याच शब्दांत लिहायचे. तो थांबला की "आणखी?" म्हणायचे आणि गप्प बसायचे. मी पहिल्यांदा एकट्याने रोगी घेतला, तो एका मागावरचा विणकर होता. मी नियमाप्रमाणे विचारले, "काय होतंय?"

"ते तुमी सांगायचं, डाक्टर."

मी गप्प बसलो.

"मीच सांगायचं असंल तर तुमी कशाला?"

मी "आणखी?" म्हणालो. ओसरीवर बसलेल्या सगळ्यांनी तो शब्द पुढे महिनाभर माझ्यासाठी वापरला. मी रस्त्याने दिसलो की कोणीतरी लांबून ओरडे, "आणखी?"

लक्षणे लिहून झाली की ग्रंथांत त्यांच्याशी जुळणारे औषध शोधायचे. एक औषध, एक मात्रा, आणि मग थांबायचे. थांबण्याच्या काळात दुसरे काही द्यायचे नाही, कारण दोन औषधे एकत्र झाली की कशाने काय झाले ते कळत नाही आणि ते कळले नाही तर वैद्य आंधळा होतो. रोग्याने स्वतः सुचवलेले औषध द्यायचे नाही. वैद्याने स्वतःच्या दुखण्यात स्वतः औषध निवडायचे नाही. सर्वांत अवघड गोष्ट अशी होती की योग्य औषध लागले की रोग आधी थोडा वाढतो आणि मग उतरतो. ही वाढ चांगली. रोग नुसताच वाढला तर ती वाढ वाईट. या दोन वाढींतला फरक ओळखता येणे म्हणजे ही विद्या येणे, असे अप्पा म्हणत. तो कसा ओळखायचा असे विचारले की म्हणत, "बघून बघून."

अप्पांना झालेला ताप हिवताप होता, हे दुसरी पाळी आली तेव्हा उघड झाले. एक दिवस ताप, एक दिवस मोकळा. या दुखण्याला अप्पांच्या लेखी वेगळे महत्त्व होते. या शास्त्राच्या जर्मन संस्थापकाने धडधाकट असताना सिंकोना झाडाची साल खाऊन पाहिली आणि त्याला हिवतापासारखीच थंडी वाजली. जे निरोग्याला रोग देते तेच रोग्याचा रोग काढते, हा सिद्धांत त्या एका थंडीतून निघाला. त्याच सालीपासून सरकारी दवाखान्यातले कोयनेल, म्हणजे क्विनाइन, बने. अप्पा प्रत्येक नव्या रोग्याला ही गोष्ट सांगत आणि शेवटी म्हणत की कोयनेल ताप काढत नाही, आत ढकलते. त्यांच्या घरात कोयनेलची पुडी कधी आली नव्हती. पेठेत हे सर्वांना माहीत होते. म्हणून अप्पांना हिवताप आला आहे ही बातमी त्यांच्या रोग्यांत वेगाने पसरली. लोक चौकशीला येत आणि दारातून आत डोकावून पाहत. त्यांना अप्पांच्या प्रकृतीइतकीच दुसरीही एक गोष्ट पाहायची होती.

तिसऱ्या पाळीनंतरच्या मोकळ्या दिवशी अप्पांनी मला खाटेजवळ बोलावले.

"कागद घे. आज मी रोगी, तू डॉक्टर."

"मी?"

"मग काय अव्वा? बस."

मी बसलो. "काय होतंय?" असे विचारले. अप्पांनी डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. थंडी सकाळी दहा-अकराला. थंडीच्या आधी तहान. डोक्यात लहान लहान हातोडे. ओठांवर फोड. खारट खाण्याची इच्छा. कुणी समजूत घातली की राग.

मला "आणखी?" म्हणावे लागले नाही. सगळे ओळीने आले आणि ग्रंथात ज्या क्रमाने छापले आहे त्याच क्रमाने आले. हे मिठाच्या औषधाचे चित्र होते. आपल्या खाण्यातल्या साध्या मिठापासून ते औषध करतात. तरुणपणी एकदा आणि नोकरीत एकदा त्यानेच आपल्याला उठवले, असे अप्पा सांगत. या पंथातल्या माणसाला आपले असे एक औषध असते आणि त्याच्यावर त्याची श्रद्धा कुलदैवतासारखी असते. अप्पांचे मीठ होते.

मी म्हणालो, "अप्पा, थंडी दुपारी येते. मिलचा भोंगा झाल्यावर."

"सकाळपासून अंगात असते. तुला दुपारी दिसते."

"ओठांवर फोड नाहीत."

"येतील."

"आणि राग?"

"तो आता येतोय."

मी कागद घेऊन ओसरीवर आलो. त्यावर एकही ओळ अशी नव्हती की जी आजाऱ्याने सांगितली आहे असे म्हणता आले असते. अप्पांनी औषध आधी ठरवले होते आणि मग त्याला शोभतील अशी लक्षणे सांगितली होती. ते खोटे बोलत नव्हते. चाळीस वर्षे एकच पाने वाचल्यावर अंगाला काय होते आणि पानावर काय आहे, यांतले अंतर त्यांना उरले नव्हते. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत हे त्यांनी ताबडतोब पकडले असते.

पुढच्या पाळीला मी काही विचारायचे नाही असे ठरवले आणि खाटेपासून जरा दूर, भिंतीशी बसलो. थंडी भोंग्यानंतरच आली. अव्वांनी दोन घोंगड्या आणि वर सतरंजी घातली. थंडी गेली, अंग तापले, तरी त्यांनी पांघरूण काढू दिले नाही. ते या कुशीवरून त्या कुशीवर होत होते. मग खाटेवरून खाली जमिनीवर आले, पुन्हा खाटेवर गेले. माझ्याशी ते एक शब्द बोलले नाहीत. अव्वांशी बोलत होते ते कानडीत. "स्वल्प नीर," म्हणजे थोडे पाणी, एवढे मला कळत होते. अव्वांनी भांडे तोंडाला लावले की ते एक घोट घेत आणि मान फिरवत. लगेच पुन्हा, "स्वल्प नीर." अव्वा स्वयंपाकघराकडे निघाल्या तेव्हा त्यांनी अव्वांचा पदर मुठीत धरला आणि काहीतरी म्हणाले. आवाज वेगळाच होता. अव्वा परत खाली बसल्या.

नंतर त्या अंगणात आल्या तेव्हा मी विचारले, "अव्वा, काय म्हणाले ते?"

"नन्न बिट्ट होगब्याड." त्यांनी डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "मला सोडून जाऊ नको म्हणतात. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, असं कधी बोलले नव्हते. त्यांना भ्या वाटतंय रे. मरणाचं भ्या."

मराठीत अप्पा डॉक्टर होते, कानडीत रोगी होते. मी त्या कानडीतल्या रोग्याची लक्षणे नव्या कागदावर लिहिली. दुपारची थंडी. घोटघोट पाणी, पुन्हा पुन्हा. अंगात आग आणि तरी पांघरूण हवे. जागेवर चैन नाही. एकटे राहण्याची भीती. मरणाची भीती. ग्रंथ उघडायची फारशी गरज नव्हती. हे सोमलाच्या औषधाचे चित्र होते आणि त्याच्या आसपास दुसरे औषध नव्हते.

दुसऱ्या दिवशी, मोकळ्या दिवशी, मी ते अप्पांना सांगितले. ते उठून बसले.

"भीती कुणी लिहिली?"

"मी."

"मी सांगितली तुला? माझ्या तोंडून आली?"

"तोंडून आली. कानडीत."

त्यांनी अव्वांकडे पाहिले. अव्वांनी नजर दुसरीकडे वळवली नाही. मग अप्पा पुन्हा आडवे झाले आणि छताकडे पाहत म्हणाले, "रोग्यानं सुचवलेलं औषध द्यायचं नाही, हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्ही."

"मग मला काय विचारतोस? दे काय द्यायचं ते."

मी कपाटातून बाटली काढली. अव्वांना लेबल वाचता येत नव्हते, त्यांनी विचारले, "काय देतोस?"

"सोमल."

त्यांनी माझे मनगट धरले. त्यांच्या अक्कलकोटकडच्या माहेरी सोमल काय असतो आणि कशाला वापरतात हे प्रत्येक बाईला माहीत होते. "विष देतोस? माझ्या देखत?"

मी समजावले. औषधाच्या एका थेंबात स्पिरिटचे शंभर थेंब मिसळायचे, त्यातला एक थेंब पुन्हा शंभरात, असे इतक्या वेळा करतात की शेवटी त्यात विष राहत नाही. सोमलही राहत नाही. सोमलाची नुसती शक्ती राहते.

"म्हणजे यात काहीच न्हाय?"

"तसं म्हटलं तर नाही."

"मग देतोस कशाला?"

खाटेवरून अप्पा हसल्यासारखे झाले. त्यांनी जीभ बाहेर काढली आणि मी कागदाच्या घडीवरून गोळ्या सोडल्या.

पुढची पाळी भोंग्याची वाट न पाहता सकाळीच आली. पूर्वीपेक्षा जोरात आली आणि ठरल्या वेळी उतरली नाही. मधला मोकळा दिवस या वेळी आलाच नाही. लघवी काळ्या चहासारखी झाली. डोळे पिवळे दिसू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी हाक मारली तर ते उशिरा ओ देत. एकदा डोळे उघडून त्यांनी मला जवळ बोलावले.

"वाढलं ना?"

"हो, अप्पा."

"लिही. औषध लागलं." त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते. "तुझी निवड बरोबर आली. आता हात लावू नको. थांब."

हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकण्यासाठी मी दोन वर्षे त्या ओसरीवर बसलो होतो. ते मला मिळाले तेव्हा ते बोलणाऱ्याच्या हाताची नाडी माझ्या बोटांखाली लागत होती, सुटत होती.

मी ग्रंथ काढून बसलो. वाढीबद्दल जे जे लिहिले होते ते सगळे वाचले. चांगल्या वाढीत रोग्याचे मन हलके होते, असे एका ठिकाणी होते. अप्पांचे मन हलके झाले होते. पण ते औषधाने झाले होते की औषध लागले या आनंदाने, हे लिहिलेले नव्हते. वाईट वाढीत शक्ती जाते, असे दुसऱ्या ठिकाणी होते. शक्ती जात होती. दोन्ही ओळी एकाच माणसाला लागू पडत होत्या. ज्याला विचारावे असा माणूस शहरात एकच होता आणि तो खाटेवर होता. पुण्याला एक जुने वैद्य होते. त्यांना पत्र जाऊन उत्तर यायला जितके दिवस लागतील तितके दिवस समोर दिसत नव्हते.

शेजारचे लोक येऊन जात होते. कोणी मठातले भस्म आणले. समोरच्या घरातला विणकर दारात उभा राहून म्हणाला, "कोयनेल टोचा की. माझा भाऊ असाच पडला होता, उठून मागावर बसला." तो गेल्यावर अव्वा माझ्यासमोर येऊन बसल्या.

"मला एवढंच सांग. अजून किती वाढलं म्हणजे बरं व्हायला लागतं?"

मी मांडीवरच्या ग्रंथाकडे पाहिले.

"तुमच्या पुस्तकात असंल की."

"नाही, अव्वा."

"मग तू कशाच्या आधारावर थांबलायस?"

मी म्हणालो की अप्पांनी थांबायला सांगितले आहे म्हणून थांबलो आहे. त्या जवळ सरकल्या. मग हळू आवाजात, आत ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाल्या, "पहिला ताप आला त्या दिवशी त्यांनी मला गळ्यातल्या लिंगावर हात ठेवायला लावला. सुई येऊ देणार न्हाय, दवाखान्याचा माणूस दारात आणणार न्हाय, अशी शपथ घेतली माझ्याकडून. मी ती मोडणार न्हाय." त्यांनी दाराकडे पाहिले. "तू शपथ घेतली न्हाईस."

एवढे बोलून त्या उठल्या आणि आत जाऊन अप्पांच्या पायांशी बसल्या. मी चप्पल घातली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या टेबलापुढे रांग होती. मी रांग सोडून पुढे गेलो आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या. रोग्याचे वर्णन मी ज्या पद्धतीने शिकलो होतो त्याच पद्धतीने केले, वेळ, तहान, पांघरूण, भीती. डॉक्टरांनी मला मध्येच थांबवले. "तुम्ही गोळ्यावाल्यांकडचे ना? एवढं व्यवस्थित तेच सांगतात. लघवीचा रंग सांगा." मी सांगितला. त्यांनी लिहिणे थांबवले. संध्याकाळचे काम उरकायच्या आत ते टांग्यात माझ्याशेजारी बसले होते. वाटेत त्यांनी विचारले, "आतापर्यंत काय दिलंत?"

"सोमल."

ते दचकले. "किती?"

"काहीच नाही म्हणता येईल इतका."

"मग बिघडलं नाही काही," ते म्हणाले आणि उरलेला रस्ता बाहेर पाहत बसले.

आम्ही पोचलो तेव्हा घर शांत होते. अव्वा दारातच होत्या. डॉक्टरांना वाट देऊन त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू गेल्यावर घाम आला. लई घाम. लुगड्यानं पुसला. मग पाणी मागितलं आणि तांब्याभर प्याले. एका दमात. आता झोपलेत."

मी आत जाऊन पाहिले. कपाळ ओले आणि गार होते. पांघरूण त्यांनी स्वतःच पायांकडे सारले होते. हात छातीवर स्थिर होते. ती चुळबूळ नव्हती. घोटघोट पाणी तांब्याभर झाले होते. मी जे शिकलो होतो त्याप्रमाणे ही चित्र पालटल्याची खूण होती, औषधाने रोग वळवल्याची. हिवतापाची पाळी घाम येऊनच संपते आणि घाम आला की माणूस झोपतो, हेही मला माहीत होते. पाळी उतरली होती की रोग, हे ठरवायला पुढच्या पाळीपर्यंत थांबावे लागणार होते. डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली, डाव्या बरगडीखाली बोटे दाबून पाहिली आणि म्हणाले, "पुढची पाळी यांना झेपणार नाही." त्यांनी पेटी उघडली. सुईत औषध ओढून वर धरले, हवा काढली. थांबा म्हणायला तेवढा वेळ होता. अव्वा भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

मी अप्पांचा दंड धरला.

पुढची पाळी आली नाही. त्यानंतरचीही आली नाही. डॉक्टर आणखी काही वेळा येऊन गेले. अप्पा दिवाळीच्या सुमाराला भिंत धरून ओसरीपर्यंत येऊ लागले. सुई टोचल्याचे त्यांना दंड दुखू लागला तेव्हाच कळले होते, पण त्यांनी तोपर्यंत एक शब्द काढला नव्हता. एका सकाळी अव्वा त्यांना ज्वारीची आंबील भरवत होत्या, तेव्हा त्यांनी मला समोर बसवले आणि नियमाप्रमाणे विचारायला सुरुवात केली. हो-नाही उत्तराचा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

"घाम कधी आला?"

"सुईच्या आधी."

"तहान कधी बदलली?"

"तीही आधी."

"आणि तुला हे कधी दिसलं?"

"आधीच."

ते म्हणाले, "म्हणजे आता कधीच कळणार नाही." आवाजात राग नव्हता. हरवलेली वस्तू आता शोधायची नाही असे ठरवल्यावर माणूस बोलतो तसे ते बोलत होते. "सोमल होता की कोयनेल. मेलो असतो तरी कळलं असतं."

अव्वांनी भांडे खाली ठेवले. "कळून कुणाला सांगणार होता?"

अप्पांनी उरलेली आंबील घेतली नाही.

ओसरी पुन्हा सुरू झाली. रोगी येऊ लागले, पूर्वीइतके नाही. कोयनेलची गोष्ट पेठेत सर्वांना माहीत झाली होती. एक-दोघांनी अप्पांना तोंडावर विचारलेही, "अप्पा, तुमी सुई घेतली म्हणं?" अप्पा म्हणत, "मी घेतली नाही. मला दिली." संस्थापकाची आणि सालीची गोष्ट त्यांनी नव्या रोग्यांना सांगणे बंद केले.

अशात एक दिवस सांगोल्याकडचा एक धनगर आपल्या बायकोला घेऊन आला. ती घोंगडीत गुंडाळलेली होती आणि भिंतीला टेकून बसली होती. अप्पांनी मला खूण केली. मी विचारले, तिने सांगितले, अडखळत, स्वतःच्या शब्दांत. सकाळी मेंढरे बाहेर काढायच्या वेळेला थंडी भरते. थंडीच्या आधी घसा सुकतो. डोक्यात घण बसतात. तिच्या ओठांवर फोड होते. नवरा म्हणाला, "भाकरीबिगर नुसतं मीठ चाटतीया, डाक्टर. अन् लेकरं जवळ गेली की वसकन अंगावर येती."

इतके स्वच्छ मिठाचे चित्र मी त्याआधी पाहिले नव्हते. अप्पांनीही ते ऐकले होते. ते कपाटाकडे गेले, बाटली काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "दे."

मी बूच काढले नाही. बाईच्या डोळ्यांकडे पाहिले. पांढऱ्या भागावर पिवळी झाक होती, किंवा मला तशी वाटली. मी धनगराला विचारले, "सरकारी दवाखाना कुठे आहे ते ठाऊक आहे का?"

तो गोंधळला. माझ्याकडे आणि मग अप्पांकडे पाहू लागला. "हितं औशद न्हाय व्हय? आमी हितलं नाव ऐकून आलो. लई लांबनं आलो की."

अप्पांचा हात बाटलीवर होता. मला वाटले ते मला बाजूला सारून स्वतः देतील. त्यांना तसे करता आले असते. त्यांनी बाटली उचलली, हातात धरून ठेवली, बाईकडे पाहिले आणि पुन्हा खाली ठेवली. मग धनगराला म्हणाले, "बाहेर पडून उजवीकडे जा. टांगेवाल्याला विचार, सांगेल तो." धनगराने बायकोला उठवले. दोघे पायऱ्या उतरून गेले. पुढचा रोगी सरकला, पण अप्पांनी कपाट लावून घेतले आणि आज पुरे म्हणून सगळ्यांना जायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळी गेलो. अप्पा बैठकीवर होते, समोर रोगी होते, कागद त्यांच्याच मांडीवर होता. त्यांनी मान वर केली नाही. मी कोपऱ्यात बसलो. एका म्हाताऱ्याची लक्षणे लिहून झाली. त्यांनी कपाट उघडले, बाटली काढली आणि बूच हातात धरून उभे राहिले. बराच वेळ तसेच राहिले. म्हाताऱ्याने तोंड उघडून ठेवले होते.

अव्वा आतून आल्या आणि त्यांनी मला खुणेने अंगणात बोलावले.

"तू जा रे आता," त्या म्हणाल्या. "रागानं सांगत न्हाय. तुझ्यामुळं माझं कुंकू राहिलं, ते मी जाणते. पण तू समोर बसलास की त्यांचा हात थांबतो."

"त्यांनी सांगितलं?"

"ते कशाला सांगतील? मला दिसतंय की. त्यांच्याकडं दुसरं काय हाय, सांग. हे गेलं तर सुईनं वाचवून काय उपयोग झाला?"

मी निघालो. ओसरीच्या पायरीवर वळून पाहिले तेव्हा म्हाताऱ्याच्या जिभेवर गोळ्या पडल्या होत्या आणि तो तोंड मिटून उठत होता. रांगेतला पुढचा माणूस सरकला आणि त्याने सामान ठेवायला माझी जागा घेतली.